संघर्षाचे शब्द : प्रगत इंग्रजी शब्दसंपत्तीचा एक पाठ

छत्तीसगढ राज्याच्या दुर्ग जिल्ह्यात, भिलाई शहराला लागून, हथखोज हे गाव आहे. ह्या गावाच्या परिसरात अवजड उद्योगांचे क्षेत्र वसले आहे. भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्याविषयीचा करार भारत आणि सोव्हिएत संघ ह्यांच्यामध्ये २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या वेळी हा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात मोडत होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले, आणि पुढील काही दशकांत मोठ्या कारखान्याभोवती लहान-मोठ्या खाजगी कारखान्यांची वस्ती वाढत गेली. छत्तीसगढच्या खेड्यांतून, विदर्भातून, ओरिसातून, आंध्रातून, बंगालमधून माणसे येथे कामाला आली. घरी आणि कामावर ती आपापल्या भाषा बोलत, एकमेकांशी हिंदीत व्यवहार करीत. परंतु कायद्याची आणि वरिष्ठ न्यायालयांची भाषा इंग्रजी होती.

अशा ठिकाणी एखादा इंग्रजी शब्द अर्धवट समजणे ही केवळ परीक्षेतील चूक राहत नाही. समजा, कारखान्याच्या फलकावर 'ले-ऑफ' असा शब्द असलेली सूचना लागली. आजच्या वृत्तपत्री इंग्रजीत ह्या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा 'कामावरून काढून टाकणे' असा होतो. भारतीय कामगार कायद्यात मात्र त्याचा अर्थ निराळा आहे : कोळसा, वीज वा कच्चा माल ह्यांच्या तुटवड्यामुळे, किंवा यंत्र बिघडल्यामुळे, मालक काही काळ काम देऊ शकत नाही, कामगाराचे नाव हजेरीपटावर कायम राहते. पहिला अर्थ मनात धरणारा कामगार नोकरी गेली असे समजून गावी निघून जाईल. दुसरा अर्थ ठाऊक असणारा हजेरी लावून आपली भरपाई मागेल. एकाच शब्दाच्या दोन अर्थांमध्ये एका कुटुंबाच्या उपजीविकेचा प्रश्न उभा असतो.

संघर्ष, सत्ता आणि मन वळवणे ह्या तीन विषयांशी संबंधित इंग्रजी शब्दांचा अभ्यास प्रस्तुत पाठात करावयाचा आहे. असे शब्द कोशातून एकेक उचलून पाठ केल्यास फारसा लाभ होत नाही, कारण मराठीत त्यांतील पुष्कळांना 'भांडण', 'दबाव', 'तडजोड' असे मोघम प्रतिशब्द देता येतात आणि त्यांच्यातील भेद पुसला जातो. म्हणून अशा प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारण्याची सवय अभ्यासकाने लावून घ्यावी : कृती कोण करतो आणि ती कोणावर होते? तिच्यामागे कोणते बळ आहे? आणि शेवटचा निर्णय कोणाच्या हाती राहतो?

काम थांबते तेव्हा

पहिला प्रश्न कृती करणाऱ्याविषयीचा आहे. काम बंद पडले, एवढे म्हटल्याने ते कोणी बंद पाडले हे कळत नाही. इंग्रजी शब्द मात्र ते सांगतो. 'स्ट्राइक' कामगार करतात, 'लॉक-आउट' मालक करतो. पहिल्याला मराठीत संप म्हणतात, दुसऱ्याला टाळेबंदी.

'स्ट्राइक' ह्या क्रियापदाचा नेहमीचा अर्थ प्रहार करणे असा असला तरी संपाचा अर्थ प्रहारातून आलेला नाही. १७६८ साली लंडन बंदरातील खलाशांनी वेतनाच्या मागणीसाठी जहाजांची शिडे खाली उतरवली. शीड उतरवण्याला नाविकांच्या इंग्रजीत 'स्ट्राइक' म्हणत. शीड उतरले की जहाज जागचे हलत नाही. त्यावरून काम थांबवण्याला हा शब्द रूढ झाला. मराठीतील 'संप' ह्या शब्दाची कुळकथा वेगळी आहे. एकोपा हा त्याचा अर्थ गुजरातीत आजही जिवंत आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने केलेल्या व्याख्येतही ह्याच गोष्टीवर भर आहे : अनेकांनी मिळून, परस्परांच्या संमतीने काम नाकारले तरच तो संप होतो. एकट्या माणसाने रागाने हत्यार खाली ठेवले तर त्याला संप म्हणत नाहीत. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी थांबलेले जहाज आहे, मराठी शब्दाच्या मुळाशी एकत्र आलेली माणसे आहेत, आणि कायद्याच्या व्याख्येत दोन्ही गोष्टी एकवटल्या आहेत.

मालकाच्या बाजूचे शब्द अधिक आहेत आणि त्यांच्यातील अंतर बारकाईने पाहावे लागते. 'लॉक-आउट' तात्पुरता असतो, तर 'क्लोझर' म्हणजे कारखाना कायमचा बंद करणे. 'ले-ऑफ'मध्ये नोकरी टिकते. 'रिट्रेंचमेंट'मध्ये ती संपते, पण शिक्षा म्हणून नव्हे. 'डिसमिसल' म्हणजे गैरवर्तनाबद्दल केलेली बडतर्फी. 'सस्पेन्शन' म्हणजे निलंबन. चौकशी चालू असताना कामगार कामापासून दूर ठेवला जातो, परंतु निर्णय व्हावयाचा असतो. 'रिट्रेंच' हे क्रियापद छाटणे ह्या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आले. झाडाची फांदी छाटताना माळी तिला अपराधी ठरवत नाही, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवल्यास कपात आणि बडतर्फी ह्यांतील भेद विसरला जात नाही.

हा भेद पैशांतही मोजता येतो. १९४७ च्या कायद्यातील तरतुदींप्रमाणे, पात्र कामगाराला ले-ऑफच्या काळात मूळ वेतन आणि महागाई भत्ता ह्यांच्या निम्मी भरपाई मिळे. कपात करावयाची झाल्यास एक महिन्याची पूर्वसूचना अथवा तेवढे वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ह्या कायद्याची जागा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली असली, तरी हे शब्द तिच्यातही आहेत. संपाची व्याख्या मात्र रुंदावली आहे : एखाद्या उद्योगातील निम्म्या वा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो आता संप गणला जातो. शब्द तोच राहतो आणि त्याची कक्षा बदलते. म्हणून व्याख्येबरोबर वर्ष लिहून ठेवणे अगत्याचे असते.

तडजोडीच्या पायऱ्या

तिसरा प्रश्न, शेवटचा निर्णय कोणाचा, हा विवाद मिटवण्याच्या शब्दांना लावून पाहावा. 'निगोशिएशन', 'कन्सिलिएशन', 'आर्बिट्रेशन' आणि 'अ‍ॅडज्युडिकेशन' ह्या चारही शब्दांसाठी बोलण्यात 'तडजोड' म्हणून वेळ मारून नेली जाते. वस्तुतः त्या एका जिन्याच्या चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर निर्णयाचा अधिकार पक्षांच्या हातून थोडाथोडा निसटत जातो.

'निगोशिएशन' म्हणजे वाटाघाटी. येथे दोनच पक्ष समोरासमोर बसतात. लॅटिनमध्ये ह्या शब्दाचा मूळ अर्थ 'विश्रांती नसणे', म्हणजेच कामधंदा, असा होता. रात्र रात्र चाललेल्या वाटाघाटी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना तो पटावा. 'कन्सिलिएशन' म्हणजे समेट घडवणे. येथे तिसरा माणूस येतो, दोघांना एकत्र बसवतो, मार्ग सुचवतो. परंतु निर्णय लादण्याचा अधिकार त्याला नसतो. समेट अधिकाऱ्यापुढे बोलणी फिसकटली तर तो तसा अहवाल पाठवतो, निकाल देत नाही. ज्याला 'मीडिएशन' म्हणतात ती मध्यस्थी ह्याच्याच जवळची आहे. त्या शब्दातील लॅटिन 'मेडियस' आणि आपला 'मध्य' हे एकाच कुळातील आहेत. 'आर्बिट्रेशन' म्हणजे लवाद. येथे दोन्ही पक्ष आपणहून एका तिऱ्हाइताची निवड करतात आणि त्याचा शब्द मानण्याचे आधीच कबूल करतात. 'अ‍ॅडज्युडिकेशन'मध्ये न्यायाधिकरण निर्णय देते. त्याची निवड पक्षांच्या हाती नसते.

लवादाच्या वा न्यायाधिकरणाच्या निर्णयाला इंग्रजीत 'अवॉर्ड' म्हणतात. पुरस्कार हा अर्थ एवढा रूढ झाला आहे की नवशिक्या वाचकाला 'अवॉर्ड कामगारांच्या विरुद्ध गेला' हे वाक्य चमत्कारिक वाटते. अशा वेळी 'निवाडा' हा मराठी शब्द मनात ठेवावा. तसाच 'सेटलमेंट' हा शब्द आहे. १९४७ च्या कायद्यात समेटाच्या कार्यवाहीत झालेला करार त्या आस्थापनेतील सर्व कामगारांना, नंतर कामावर येणाऱ्यांनादेखील, बांधील होता. त्या कार्यवाहीबाहेर मालक आणि एखादी संघटना ह्यांनी आपसांत केलेला करार फक्त त्या दोघांना बांधील होता. करार कोणत्या पायरीवर झाला हे न पाहता त्याच्याखाली अंगठा उठवणे म्हणून धोक्याचे ठरे.

मन वळवणे आणि मान वाकवणे

दुसरा प्रश्न बळाविषयीचा आहे. एखाद्याकडून एखादी गोष्ट करवून घेण्याचे मार्ग अनेक असतात आणि इंग्रजीने त्यांना वेगवेगळी नावे दिली आहेत.

'परस्वेड' म्हणजे मन वळवणे. ह्यातील लॅटिन धातू, इंग्रजी 'स्वीट' आणि संस्कृत 'स्वादु' हे सारे एकाच मुळापासून निघाले आहेत. आपली बात दुसऱ्याला गोड लागेल अशी करणे हा त्यातील भाव, आणि मराठीतील 'गोडीगुलाबीने' हा प्रयोगही त्याच वाटेने गेलेला दिसतो. 'कन्व्हिन्स' म्हणजे पटवणे. त्यात जिंकणे ह्या अर्थाचा धातू आहे, तोच 'व्हिक्टरी' आणि 'कन्व्हिक्ट' ह्या शब्दांत आढळतो. युक्तिवादाने शंका जिंकली जाते. ह्यावरून एक उपयुक्त भेद ध्यानात येतो : माणसाला एखादी गोष्ट खरी आहे असे 'कन्व्हिन्स' करता येते, आणि ती करावयास 'परस्वेड' करता येते. पुष्कळदा पटलेली गोष्टही माणूस करीत नाही, हे कोणाही संघटकाला अनुभवाने ठाऊक असते.

'इन्ड्यूस' म्हणजे आमिषाने वा लाभ दाखवून प्रवृत्त करणे. 'इन्टिमिडेट' म्हणजे धाक घालणे. त्यात भयवाचक लॅटिन शब्द आहे. 'कोअर्स' म्हणजे सक्ती करणे. त्यातील मूळ धातूचा अर्थ कोंडणे असा आहे. ह्या शेवटच्या शब्दाचे एक भारतीय भावंड इंग्रजीत जाऊन बसले आहे. पश्चिम बंगालमध्ये १९६७ साली व्यवस्थापकांना कार्यालयात वेढून बसण्याचे प्रकार वाढले आणि 'घेराव' हा शब्द इंग्रजी वृत्तपत्रांतून इंग्रजी कोशांत पोहोचला. 'बंद', 'धरणे', 'हरताळ', 'सत्याग्रह' हे शब्दही असेच गेले आहेत. त्यांपैकी 'सत्याग्रह' आणि 'घेराव' ह्यांतील अंतर आपल्या तीन प्रश्नांनीच उलगडते : पहिल्यात सोसणारा स्वतःला कष्ट देतो, दुसऱ्यात समोरच्याला कोंडतो.

आयर्लंडमधील जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट ह्याच्याशी १८८० साली कुळांनी आणि गावकऱ्यांनी सर्व व्यवहार तोडले, आणि त्या माणसाचे आडनाव क्रियापद बनले. पंचवीस वर्षांनी, बंगालच्या फाळणीच्या वेळी, तोच शब्द भारतीय राजकारणात आला आणि लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत 'बहिष्कार' म्हणून स्थिरावला. परंतु महाराष्ट्रात बहिष्काराला आणखी एक, फार जुना अर्थ होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव 'बहिष्कृत भारत' होते. बॉयकॉटच्या गोष्टीत दुर्बलांनी सबलाशी व्यवहार तोडला. गावगाड्यात सबलांनी दुर्बलांना वाळीत टाकले. शब्द एक, पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेमके उलटे. प्रतिशब्द मिळाला म्हणजे अर्थ मिळाला असे होत नाही, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

सत्तेचे शब्द

'पॉवर' म्हणजे करवून घेण्याचे सामर्थ्य, 'अथॉरिटी' म्हणजे तसे करण्याचा मान्य अधिकार, आणि 'इन्फ्लुअन्स' म्हणजे अधिकार नसतानाही चालणारे वजन. 'हेजेमनी' हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ नेतृत्व असा होता. इटालियन विचारवंत अंतोनिओ ग्राम्शी ह्यांच्या लेखनामुळे त्याला नवा अर्थ आला. ज्यांच्यावर सत्ता चालते त्यांनाच ती स्वाभाविक वाटू लागावी, अशा वर्चस्वाला हा शब्द लावतात.

काही शब्दांत सत्ता अगदी लपून बसलेली असते. मोठ्या कारखान्याला सुटे भाग आणि सेवा पुरवणाऱ्या उद्योगांना इंग्रजीत 'अ‍ॅन्सिलरी' म्हणतात. भिलाईच्या परिसरात हा शब्द सर्रास ऐकू येतो. लॅटिनमध्ये 'अ‍ॅन्सिला' म्हणजे दासी. 'सँक्शन' ह्या शब्दाचे तर दोन परस्परविरोधी अर्थ आहेत : मंजुरी आणि निर्बंध. वाक्यात शब्द एकवचनी आहे की अनेकवचनी, आणि तो कोणाविरुद्ध योजला आहे, हे पाहूनच अर्थ ठरवावा लागतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या नावातच 'रेग्युलेशन' आणि 'अ‍ॅबोलिशन' असे दोन शब्द शेजारी होते. नियमन आणि निर्मूलन ह्यांतील एकात प्रथा टिकते, दुसऱ्यात संपते.

१९३८ साली मुंबईच्या विधानसभेत औद्योगिक विवादांविषयीचे विधेयक आले असता डॉ. आंबेडकरांनी अशाच एका शब्दभेदावर आपला युक्तिवाद उभा केला. काही परिस्थितीत संप करणे दंडनीय ठरवण्याची तरतूद त्या विधेयकात होती. इंग्रजी कायद्यात 'सिव्हिल राँग' आणि 'क्राइम' हे दोन भिन्न वर्ग आहेत. पहिल्यात कराराचा भंग होतो आणि त्याची भरपाई मागता येते. दुसऱ्यात राज्यसंस्था शिक्षा देते. संप हा फार तर कराराचा भंग आहे. त्याला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणे, आणि त्याचे दुसरे नाव गुलामी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. विधेयकाच्या निषेधार्थ ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत कामगारांनी एक दिवसाचा संप केला. विधेयक संमत झाले. पण परक्या भाषेतील दोन शब्दांमधली सीमारेषा ओळखून वादाची जागाच बदलून टाकणे म्हणजे काय, ह्याचा वस्तुपाठ त्या भाषणाने घालून दिला.

वृत्तान्तातील क्रियापदे

भिलाईकडे पुन्हा वळू. दल्ली-राजहरा येथील लोहखनिजाच्या खाणींतील कंत्राटी कामगारांची संघटना १९७७ साली शंकर गुहा नियोगी ह्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. १९९० नंतर त्यांनी भिलाईच्या खाजगी कारखान्यांतील कामगारांचे आंदोलन हाती घेतले. कायम नोकरी, जगण्यापुरते वेतन आणि संघटनेला मान्यता ह्या प्रमुख मागण्या होत्या. 'लिव्हिंग वेज' हा शब्द राज्यघटनेच्या ४३ व्या अनुच्छेदात आहे, आणि तो 'मिनिमम वेज'हून अधिक काही मागतो : अन्नवस्त्रापलीकडचे, माणसाला साजेसे जीवन. 'रेकग्निशन' हाही सत्तेचाच शब्द होय. ज्याला ओळखच दिली नाही त्याच्याशी वाटाघाटी करण्याचा प्रश्न उरत नाही. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाई येथील घरात झोपेत असताना नियोगी ह्यांची गोळी घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवरहाऊस स्थानकावर रूळ अडवून बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात सोळा कामगार मृत्यू पावले.

अशा घटनेचा इंग्रजी वृत्तान्त वाचताना क्रियापदांकडे विशेष लक्ष द्यावे. 'पोलिसांनी गोळीबार केला' असे लिहिता येते. 'गोळीबाराचा अवलंब करावा लागला' अशी इंग्रजी सरकारी वळणाची रचना करता येते. 'चकमक झडली' असेही म्हणता येते. पहिल्या वाक्यात कर्ता आहे, दुसऱ्यात तो नाहीसा होऊन त्याच्या जागी अपरिहार्यता आली आहे, तिसऱ्यात दोन्ही बाजू सारख्याच सशस्त्र होत्या असा भास होतो. जमावाला 'क्राउड' म्हणावे की 'मॉब', माणसांना 'प्रोटेस्टर' म्हणावे की 'अ‍ॅजिटेटर', हा निवडीचा भाग आहे आणि प्रत्येक निवड वाचकाचे मन थोडे वळवते. 'सेड' हे क्रियापद तटस्थ आहे. 'क्लेम्ड' म्हटले की शंका सूचित होते, 'अ‍ॅडमिटेड' म्हटले की अपराध गृहीत धरला जातो, 'अ‍ॅलेज्ड' म्हटले की आरोप अजून सिद्ध झालेला नाही हे कळते. 'प्रॉपगंडा' हा शब्द १६२२ साली पोप पंधरावे ग्रेगरी ह्यांनी धर्मप्रसारासाठी स्थापलेल्या मंडळाच्या नावातून आला आणि कित्येक शतके त्याला कोणताही कमीपणा नव्हता. आज तो केवळ प्रतिपक्षाच्या प्रचाराला लावतात. स्वतःच्या प्रचाराला कोणी त्या नावाने ओळखत नाही, एवढ्यावरूनही त्या शब्दाचे आजचे स्थान समजते.

वहीची रीत आणि स्वाध्याय

ह्या वर्गातील शब्दांसाठी अभ्यासकाने वेगळी वही ठेवावी. पानाचे चार रकाने पाडावेत : कर्ता, ज्याच्यावर कृती होते तो, बळाचा प्रकार, आणि अंतिम निर्णय कोणाचा. शब्द एकटा न लिहिता त्याच्या शेजाऱ्यासह लिहावा. 'आर्बिट्रेशन'शेजारी 'कन्सिलिएशन', 'कोअर्स'शेजारी 'परस्वेड'. मूळ धातू सापडला तर टिपावा, परंतु आजचा अर्थ धातूवरून ठरवू नये. 'रायव्हल' ह्या शब्दाचा मूळ अर्थ एकाच ओढ्याचे पाणी वापरणारा शेजारी असा आहे. बांधावरून पेटणारी भाऊबंदकी पाहिलेल्या मराठी वाचकाला तो चटकन कळेल, पण आजचा प्रतिस्पर्धी ओढ्याकाठी राहतोच असे नाही.

पुढील प्रश्न लेखी सोडवावेत.

१. एका सूचनेत 'क्लोझर', दुसरीत 'लॉक-आउट' आणि तिसरीत 'ले-ऑफ' असे शब्द आहेत. प्रत्येक सूचना वाचल्यानंतर दुसऱ्या दिवशी कामगाराने काय करणे उचित ठरेल?

२. गावातील पंचांपुढे मिटलेला एखादा तंटा आठवावा. तो 'मीडिएशन' होता की 'आर्बिट्रेशन'? पंचांचा शब्द मोडण्याची मुभा पक्षांना होती काय, ह्यावरून उत्तर द्यावे.

३. कोणत्याही इंग्रजी दैनिकातील संपाची एक बातमी घ्यावी. तिच्यातील कर्ता नसलेली वाक्ये वेगळी काढून, कर्ता घालून, पुन्हा लिहावीत. कर्ता कोण हे बातमीवरून कळत नसेल तर तेवढी जागा मोकळी सोडावी आणि अशा किती जागा मोकळ्या राहिल्या हे मोजावे.